हजारी ऐंशी म्हणजे आठ टक्के नव्हे

मुलाच्या शिक्षणासाठीची पॉलिसी मराठी घरात बहुतेकदा ओळखीतून येते. एजंट नात्यातला असतो, सोसायटीतला असतो, नाहीतर बाबांचा निवृत्त सहकारी असतो. त्याला ‘नाही’ म्हणणं जड जातं, त्यात मार्च तोंडावर आलेला असतो. तो खोटं बोलतो असंही नाही. सांगितलेले आकडे बहुधा खरेच असतात, चूक होते ती ऐकणाऱ्याने मनातल्या मनात केलेल्या हिशेबात. योजनेचा खरा खर्च पावतीवर सहसा दिसत नाही. टक्के कशावर मोजलेत आणि पैसे कोणत्या वर्षी हातात येणार, या दोन प्रश्नांत तो लपलेला असतो.

गैरसमज: ‘दर हजारी ८० रुपये’ म्हणजे ८ टक्के व्याज

एलआयसीने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘अमृतबाल’ ही मुलांसाठीची योजना आणली. तिच्यात मूळ विमा रकमेच्या दर हजारामागे वर्षाला ८० रुपयांची भर पडण्याची हमी आहे. हे माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं आहे, लपवाछपवी काही नाही. वाचणारा मात्र हजाराला ८० म्हणजे ८ टक्के असं धरून मोकळा होतो आणि बँकेच्या एफडीशी तुलना करू लागतो.

ही भर विमा रकमेवर मोजली जाते, भरलेल्या हप्त्यांवर नाही. शिवाय ती सरळव्याजासारखी पडते, आधीच्या भरीवर पुढे काही चढत नाही. विमा ५ लाखांचा असेल तर दरवर्षी ४०,००० रुपये जमा होत जातात, पहिल्या वर्षी तेवढेच आणि विसाव्या वर्षीही तेवढेच. २० वर्षांची भर ८ लाख, मूळ रक्कम धरून १३ लाख. ५ लाख रुपये ८ टक्के चक्रवाढीने २० वर्षं ठेवले असते तर सुमारे २३ लाख ३० हजार झाले असते. तुमचा नेमका परतावा किती, हे हप्ता किती आणि किती वर्षं भरायचा यावर ठरतं. तो काढण्यासाठी प्रत्येक हप्त्याची तारीख लागते. जुन्या पारंपरिक पॉलिसींचा वार्षिक बोनसही असाच ‘हजारी’ जाहीर होतो आणि त्याचाही असाच गैरसमज होतो.

गैरसमज: पैसे दुप्पट होतात, मग आणखी काय हवं?

समजा, १० वर्षं दरवर्षी १ लाख भरायचे आणि पहिल्या हप्त्यापासून विसाव्या वर्षाच्या शेवटी २० लाख मिळणार. दहाचे वीस. एक्सेलमध्ये या रकमा वर्षवार मांडून ‘आयआरआर’चं सूत्र लावलं की उत्तर येतं वर्षाला साधारण साडेचार टक्के. हेच हप्ते ७.१ टक्क्यांनी वाढले असते (पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून बराच काळ हाच होता) तर त्याच मुदतीत साडेएकोणतीस लाखांच्या आसपास झाले असते. मधल्या साडेनऊ लाखांत विम्याची किंमत आहे, कमिशन आहे, कंपनीचा खर्च आणि नफाही आहे. त्यांतलं काहीच ‘शुल्क’ म्हणून तुमच्यापुढे येत नाही. म्हणून मला यूलिपपेक्षा (बाजाराशी जोडलेल्या विम्यापेक्षा) अशा ‘हमी’च्या योजना जास्त अपारदर्शक वाटतात.

यूलिपचं उलट आहे. तिथे शुल्कांची नावानिशी यादी मिळते, पण ती वाचणारे थोडे. फंड सांभाळण्याचं शुल्क वर्षाला जास्तीत जास्त १.३५ टक्के असू शकतं, ते एनएव्हीतूनच, म्हणजे युनिटच्या भावातूनच, वजा होतं. विम्याचं शुल्क आणि पॉलिसी चालवण्याचं शुल्क मात्र युनिट रद्द करून घेतलं जातं. त्यामुळे नुसती एनएव्ही पाहणाऱ्याला फंड छान चाललेला दिसतो आणि इकडे खात्यातले युनिट गळत असतात. एखादा टक्का काय मोठा, असं वाटत असेल तर हा हिशेब बघा: महिना १०,००० रुपये १५ वर्षं, १२ टक्क्यांनी वाढले तर सुमारे साडेपन्नास लाख, ११ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ४६ लाख. (१२ टक्के हा नुसता उदाहरणाचा आकडा, तो मिळेलच असं नाही.)

गैरसमज: विमा मुलाच्या नावावर आहे, म्हणजे मूल सुरक्षित

पाच वर्षांचं मूल घरात कमावून आणत नाही. शिक्षण अडतं ते कमावत्या आईचं किंवा वडिलांचं काही बरंवाईट झालं तर. त्यामुळे विमा पालकाच्या आयुष्याचा हवा. अनेक बालयोजनांत विमा मात्र मुलाचा असतो. पालक गेल्यावर पुढचे हप्ते माफ होण्याची सोय, म्हणजे ‘प्रीमियम वेव्हर’, ‘अमृतबाल’मध्येही ऐच्छिक रायडर आहे. तिचे पैसे वेगळे भरावे लागतात. ती घेतलेली नसेल तर वडिलांच्या मागे हप्ता आईनेच भरायचा. पॉलिसी कपाटात असेल तर आज काढून एवढं एकच बघा.

पालकाने स्वतःचा टर्म विमा घ्यावा आणि बचत वेगळी ठेवावी, हे माझं मत. विवाहित पुरुषाने तो टर्म विमा १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घेतला तर ती रक्कम बायकामुलांचीच राहते, त्याचे सावकार एरवी तिला हात लावू शकत नाहीत. धंदा करणाऱ्या घरात ही तरतूद फार मोलाची आहे, पण प्रस्ताव भरतानाच तसं नमूद करावं लागतं.

गैरसमज: ‘शिक्षण योजना’ आहे, म्हणजे पैसे शिक्षणाच्या वेळी मिळतील

एलआयसीच्या मुलांच्या मनी बॅक योजनेत १८, २० आणि २२ व्या वर्षी विमा रकमेच्या प्रत्येकी २० टक्के आणि उरलेले ४० टक्के बोनससह २५ व्या वर्षी, अशी रचना आहे. बारावीनंतर चार वर्षांचं इंजिनिअरिंग साधारण बाविसाव्या वर्षी संपतं. म्हणजे सर्वांत मोठा वाटा नोकरी लागल्यावर हाती येतो.

‘सुकन्या समृद्धी’त फी किंवा कमिशन नाही आणि जानेवारी २०२४ पासूनचा तिचा ८.२ टक्के दर चांगला आहे. पण खातं मुलगी २१ वर्षांची झाल्यावर नव्हे, उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदतपूर्ण होतं. आठव्या वर्षी उघडलं तर एकोणतिसाव्या वर्षी. मध्ये शिक्षणासाठी, ती १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर, आदल्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच रक्कम काढता येते, तीही फीच्या कागदपत्रांवर.

गैरसमज: पटलं नाही तर पैसे परत

पारंपरिक पॉलिसी दोन हप्ते भरून सोडली तर हमीचं सरेंडर मूल्य भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, चौथ्या ते सातव्या वर्षी ५० टक्के. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांनी पहिल्या वर्षानंतरही काही रक्कम मिळू लागली आहे, पण जुन्या पॉलिसींना त्यांच्या जुन्याच अटी लागू आहेत. यूलिप पाच वर्षांच्या आत थांबवली तर पैसे ‘डिसकंटिन्यूड’ फंडात जातात आणि पाचवं वर्ष संपेपर्यंत हाती येत नाहीत.

फारसं न गमावता बाहेर पडण्याची वाट एकच: पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांचा ‘फ्री लूक’ काळ. त्यात लेखी अर्ज केला की तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी हप्ता परत मिळतो. अर्ज कंपनीकडे द्यायचा, एजंटकडे नाही, आणि पोच घ्यायची.