अपघातानंतर टायर घासणे : पाट्यांवरील वाहनातील दोषनिदान

दुर्गम वाटांवर चालणाऱ्या वाहनांमध्ये 1985 साली भारतात आलेल्या मारुती जिप्सीचे स्थान वेगळे आहे. पुढचे एखादे चाक खडकावर आदळल्यानंतर अशा वाहनाची दुरुस्ती होते. परंतु वळण घेताना टायर मडगार्डला घासतो, ही तक्रार पुष्कळदा शिल्लक राहते. तेव्हा मडगार्डची कड ठोकून बाहेर काढली जाते. आवाज थांबतो, मूळ दोष मात्र तसाच राहतो. प्रस्तुत लेखात या दोषाच्या निदानाचा विचार केला आहे.

घासल्याची खूण कोठे उमटली आहे, हे प्रथम पाहावे. ती दोन्ही बाजूंना सारखीच असेल, तर अपघातापेक्षा मोठ्या मापाचे टायर किंवा बाहेर येणारी रिम हेच कारण संभवते. मात्र एकाच मडगार्डच्या मागील कडेवर खूण असल्यास चाक मागे सरकल्याचा संशय धरावा.

जिप्सीचे दोन्ही ॲक्सल अखंड असून पाट्यांवर बसविलेले असतात. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरील बैठकीच्या छिद्रात बसते आणि यू-बोल्ट तो जोड आवळून धरतात. ॲक्सलची जागा ठरते ती या लहानशा डोक्यामुळे. धक्क्याने बोल्ट तुटला, की ॲक्सलचे ते टोक मागे सरकू शकते. यू-बोल्ट शाबूत असल्याने वरवर पाहणाऱ्यास काहीच मोडलेले दिसत नाही.

खातरजमेसाठी ओळंबा, खडू व मोजपट्टी पुरेशी आहे. वाहन सपाट फरशीवर, स्टिअरिंग सरळ ठेवून उभे करावे. प्रत्येक चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडून खूण करावी व पुढील-मागील खुणांतील अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. मूळ माप 2375 मिलिमीटर आहे. एक बाजू स्पष्टपणे कमी भरल्यास, पाट्याच्या स्थिर पिनेपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्हीकडे तपासावे. तेथेही फरक आढळला, तर सेंटर बोल्ट किंवा वाकलेला मुख्य पाटा हे कारण होय. तेथे फरक नसेल, तर चॅसीचे कर्ण मोजणे भाग आहे. दोन्ही बाजू समान भरल्या, तर बॉडी रबरी बैठकींवरून सरकली आहे काय, अथवा स्टिअरिंगचा वळण-मर्यादा बोल्ट वाकला आहे काय, हे पाहावे.

व्हील अलाइनमेंटच्या कागदावर येथे विसंबता येत नाही. अखंड ॲक्सलमध्ये त्या यंत्रावर प्रत्यक्षात केवळ टो जुळविता येतो, आणि ॲक्सल तिरका असतानाही टोचे आकडे बरोबर येऊ शकतात.

सरकलेल्या ॲक्सलमुळे ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. म्हणून वाहन हलविण्यापूर्वी ती पाहून घ्यावी. सेंटर बोल्ट बदलताना ताणलेले यू-बोल्टही नवे घालावेत आणि काही अंतर चालविल्यानंतर ते पुन्हा आवळावेत.