मराठीतून हिब्रू

बेने इस्रायली विद्यार्थ्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा शाळेपासून सुरुवात करायची ठरवलं होतं. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत काढलेली इस्रायली शाळा, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. तिच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, १९०५ च्या मॅट्रिकला विद्यापीठात पहिल्या. हे सगळं नोंदलेलं आहे. मी रेंगाळलो तो त्याआधीच्या एका पुस्तकापाशी आणि एका मास्तरांपाशी.

पुस्तक म्हणजे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्रायलींसाठी मराठीतून लिहिलेलं हिब्रूचं व्याकरण. कोकणात तेलघाणे चालवणाऱ्या या ज्यू समाजानं शनिवारचा विसावा, सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली होती. हिब्रू वाचता येणारे मात्र विरळा. विल्सनना धर्मांतर हवं होतं. मुलं मिशनच्या शाळेत गेली, भाषा शिकली आणि आपल्या सिनेगॉगमध्ये परतली. ख्रिस्ती झाले ते अगदी मोजके. या मुलांविषयी मला अपार आदर वाटतो.

मास्तर म्हणजे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५). मिशनच्या शाळेतून आले, डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, हिब्रू प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. शिवाय मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक! विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्याला दुसरी भाषा म्हणून हिब्रू घेता येई, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर किंवा कारकून व्हायला निघालेला मुलगाही त्यामुळे धर्मग्रंथांची भाषा मार्कांसाठी घोकू लागला. नुसत्या भक्तीवर ती इतक्या घरांत पोचली नसती.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. माझगावच्या शाळेत आता मुख्यतः मुसलमान मुलं शिकतात. तिकडच्या नातवंडांची हिब्रू अस्खलित, पण आजोबांची मराठी पुस्तकं त्यांना वाचता येत नाहीत. इकडे मराठीचे संशोधक ती वाचतील, पण मूळ हिब्रूशी ताडून पाहू शकणार नाहीत. उदाहरणार्थ, पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडणाच्या विधींचं पुस्तक, हगादा, मराठी भाषांतरासह छापलं गेलं. त्यातला कोणता शब्द कोकणातल्या बोलीतला, कोणता मिशनच्या बायबलमधला, हे कोण सांगणार? आपल्या मराठी विभागांनी दोन-चार विद्यार्थ्यांना तरी हिब्रू शिकायला पाठवावं, आणि ते लवकर, दोन्ही भाषा जाणणारी म्हातारी माणसं आहेत तोवर.