पालखेड : पाणवठ्यांची लढाई

वैजापूरजवळच्या पालखेडच्या रखरखीत माळावर यंदा फाल्गुनात उभा राहिलो, तेव्हा फेब्रुवारी १७२८ मध्ये निजामुल्मुल्कासारखा कसलेला सेनानी येथे कसा कोंडला गेला, हे प्रकर्षाने जाणवले.

पुणे प्रांती निजामाची फौज शिरली असताही पहिले बाजीराव तिकडे धावले नाहीत. जालना, खानदेश, गुजरात असा मुलूख तुडवीत, औरंगाबादेस शह देऊन त्यांनी शत्रूलाच आपल्यामागे ओढले. वेगासाठी अवजड तोफा मागे ठेवून निघालेल्या निजामाची रसद तुटली, पाणवठे मराठी स्वारांनी रोखले.

तोबऱ्यात दाणा नाही, पखालीत पाणी नाही, अशा छावणीपुढे तहावाचून मार्ग उरत नाही; माझ्या मते हीच युद्धकलेची पराकाष्ठा होय.

मार्चमधील मुंगी-शेवगावच्या तहाने दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील शाहू महाराजांचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क निजामास मान्य करावा लागला.