भीतीचें यंत्रशास्त्र

चित्रपट काढणें ही एके काळीं मोठ्या धाडसाची गोष्ट होती. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यासाठीं कॅमेरा त्यांना लंडनहून आणावा लागला होता आणि फिल्म धुण्याचें कामहि घरींच करावें लागलें होतें. आज कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशांत आहे. त्यामुळें महाविद्यालयांतील एखादा विद्यार्थी पांच मिनिटांचा रहस्यपट काढावयास निघाला, तर घरांतील वडील मंडळींना त्यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. बटण दाबावें आणि चित्र निघावें. यांत शिकण्यासारखें तें काय? या प्रश्नाचें उत्तर पहिल्याच रात्रीं मिळूं लागतें.

कथा अगदीं साधी आहे, असें समजावें. रात्रीची वेळ, एक मुलगी घरांत एकटीच वाचीत बसली आहे, आणि बाहेरून दाराच्या कुलुपांत कोणीतरी किल्ली फिरवीत आहे. विद्यार्थी दिवाणखान्यांतली ट्यूबलाइट लावतो, चित्रण उरकतो आणि पाहतो तों काय, चित्रावरून काळसर पट्टे सरकत आहेत! कॅमेरा बिघडला असावा, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः कॅमेरा खरें तेंच सांगत असतो. आपल्या देशांतील घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते, आणि प्रत्येक आवर्तनांत प्रवाह दोनदां शिगेला पोंचतो. म्हणून साध्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट किंवा हलक्या प्रतीचा एल. ई. डी. दिवा सेकंदाला १०० वेळां उजळतो आणि तितक्याच वेळां मंदावतो. डोळ्याला हें कळत नाहीं. पण कॅमेरा चित्राच्या ओळी एकीमागून एक टिपतो. प्रत्येक ओळीला १/६० सेकंद उजेड मिळत असेल, तर त्या अवधींत उजळण्याचे फेरे पुरे होत नाहींत. कोणत्या ओळीला उजेड अधिक मिळतो, कोणत्या ओळीला कमी. तोच अवधि १/५० सेकंद ठेवला, कीं प्रत्येक ओळीच्या वांट्याला बरोबर दोन फेरे येतात आणि पट्टे नाहींसे होतात. घरांतल्या दिव्याचा आणि दूरच्या वीजकेंद्राचा संबंध पुस्तकांत वाचून जो लक्षांत राहिला नव्हता, तो असा एका फसलेल्या रात्रींत कायमचा ध्यानांत राहतो.

दुसरा धडा अंधाराचा. रात्र दाखवावयाची तर दिवे मालवावे, असें साहजिकच वाटतें. पण उजेड कमी पडला, कीं कॅमेरा हातीं आलेली दुबळी संवेदना मोठी करूं लागतो, आणि तिच्याबरोबर यंत्रांतली खळबळहि मोठी होते. काळ्या भिंतीवर रंगीत रवाळ ठिपके नाचूं लागतात. याहूनहि वाईट गोष्ट पुढें होते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचें एक चित्र जसेंच्या तसें सांठवावयाचें, तर सुमारें ६२ लाख बाइट जागा लागते. सेकंदाला २५ चित्रें धरलीं, तर एका मिनिटाला ९ गिगाबाइटांहून अधिक! एवढी जागा खर्चणें परवडत नाहीं; म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्र नव्यानें लिहीत बसत नाहीं, मागील चित्रांत काय बदललें तेवढेंच मुख्यतः नोंदवितो. स्थिर भिंत त्याला फुकट पडते. मात्र त्या भिंतीवर ठिपके नाचूं लागले, तर क्षणोक्षणीं सारेंच बदललें असें त्याला वाटतें. मग सगळी जागा ठिपक्यांच्या हिशेबांत संपते आणि मुलीच्या चेहऱ्याचे बारकावे पुसट होतात.

यावर उपाय आहे, आणि तो दिवा मालवण्याचा नसून दिवा लावण्याचा आहे. लहानशा दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो, हें शाळेंत सर्वांनींच पाठ केलेलें असतें. मेजावरचा दिवा मुलीच्या चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवला आणि मागची भिंत दिव्यापासून दोन मीटरवर असली, तर भिंतीला चेहऱ्याच्या सोळावा हिस्सा उजेड मिळतो. चेहरा स्वच्छ दिसतो, भिंत आपोआप काळोखांत जाते, आणि ठिपक्यांचा नाचहि थांबतो. पडद्यावरचा अंधार हा उजेडाच्या वांटणींतून निर्माण होतो, हें विद्यार्थ्याला तेव्हां उमगतें.

तिसरा धडा कानाचा. सारें चित्र जमलें, पण किल्ली फिरल्याचा आवाज कोठें आहे? ऐकूं येतें तें छताच्या पंख्याचें आणि शीतपेटीचें घुमणें. माणसाचें मन नको तो आवाज बाजूला सारतें. मायक्रोफोनला मन नसतें. तेव्हां पंखा बंद करून, मायक्रोफोन कुलुपाजवळ नेऊन आवाज वेगळा घ्यावा लागतो. चित्र व आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर घेतले, तर त्यांचा मेळ बसविण्यासाठीं आरंभीं एक टाळी वाजवावी लागते. शिवाय रिकाम्या खोलीची शांतताहि अर्धा मिनिट टिपून ठेवावी लागते. कारण प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, आणि दोन वाक्यांमधली जागा खऱ्या निःशब्दतेनें भरली, तर आवाज तुटल्यासारखा वाटतो.

बोलपटाच्या बाल्यावस्थेंतच थोर दिग्दर्शकांनीं हें ओळखलें होतें. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९२९ सालच्या ‘ब्लॅकमेल’ या बोलपटांत, जिच्या हातून आदल्या रात्रीं सुरीनें एक पुरुष मेला आहे अशी तरुणी न्याहारीला बसलेली असते. शेजारीण खुनाविषयीं बडबडत असते. हळूहळू तिचें बोलणें अस्पष्ट होत जातें, आणि ‘सुरी’ हा एकच शब्द तेवढा स्पष्टपणें कानावर आदळत राहतो. त्या वेळीं आवाज मागाहून बदलण्याची सोय नव्हती. नायिका ॲनी ऑन्ड्रा हिचे उच्चार इंग्रजी वळणाचे नसल्यामुळें जोन बॅरी ही नटी चौकटीबाहेर उभी राहून बोले आणि ऑन्ड्रा केवळ ओठ हलवी. साधनें तुटपुंजीं होतीं. कल्पना मात्र तुटपुंजी नव्हती.

एवढें करून विद्यार्थी आपला पट घरच्यांना दाखवितो. आणि कोणीहि घाबरत नाहीं! धाकटी बहीण विचारते, “दादा, तो हात कोणाचा होता?” चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, तरी भीति कोठें नाहीं. दोष शोधतां शोधतां त्याला कळतें, कीं दार उघडल्यावरच त्यानें परका हात दाखविला होता. प्रेक्षक क्षणभर दचकला आणि संपलें. हिचकॉक यांनीं हा भेद टेबलाखालच्या बाँबच्या दृष्टान्तानें समजावून दिला आहे. बाँब अचानक फुटला, तर प्रेक्षकाला कांहीं सेकंदांचा धक्का बसतो. पण बाँब ठेवलेला त्यानें आधींच पाहिला असेल, तर टेबलाशीं चाललेल्या साध्या गप्पाहि त्याला असह्य होतात. विद्यार्थी परक्या हाताचें चित्र उचलून आरंभीं ठेवतो आणि मगच मुलीला शांतपणें पान उलटतांना दाखवितो. एकहि नवें चित्र घ्यावें लागत नाहीं. तरी आतां तेंच पान उलटणें पाहून बहीण आजीला बिलगून बसते.

मॉस्कोंत १९२०च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह यांनीं केलेला म्हणून जो प्रयोग सांगतात, त्याचें मर्म हेंच. नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपाच्या बशीला जोडला, तर तो भुकेला दिसतो. शवपेटीला जोडला, तर शोकाकुल दिसतो. चेहरा तोच असतो. भाव पाहणारा आपल्या पदरचा घालतो.

यंत्रज्ञानाचा खरा लाभ येथें आहे. रहस्यपट पांच मिनिटांत संपतो, पण चित्रांचा क्रम फिरवून निरागस कृत्याला भयंकर अर्थ देतां येतो, हें ज्यानें आपल्या हातांनीं करून पाहिलें, त्याची नजर पूर्वींसारखी भाबडी राहत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वडील मोबाईलवर कोणा माणसाची खळबळजनक चित्रफीत दाखवून संतापानें म्हणतात, “हें बघ, डोळ्यांनीं दिसतें आहे!” मुलगा ती पुन्हा एकदां पाहतो आणि एवढेंच विचारतो, “बाबा, याच्या आधीं काय होतें?”