वीस मिनिटांत बदलणारा मेंदू

भोपाळ असो वा लंडन, एमआरआय काढताना तंत्रज्ञ बजावतोच, ‘अजिबात हलू नका.’ लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात २० निरोगी स्वयंसेवक असेच यंत्रात निपचित पडले. डोक्यावर मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारी ईईजीची टोपी, शिरेतून डीएमटी हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य. या द्रव्याचा अंमल जेमतेम वीस मिनिटांचा, त्यामुळे चढ आणि उतार एकाच बैठकीत टिपता आले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एरवी आपापलं काम पाहणारी मेंदूतली जाळी एकमेकांत मिसळली, अल्फा लहरी क्षीण झाल्या. ‘मी’पणाची जाणीव या जाळ्यांच्या शिस्तीवर उभी असावी, असा तर्क त्यातून निघतो, सिद्धता मात्र बाकी आहे. भारतात डीएमटीवर १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने बंदी आहे. डीएमटीने नाडी आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात; तेव्हा घरगुती प्रयोगाच्या वाटेला जाऊ नका.