मालमत्ता कोणाची?

मंडळी, ‘प्रॉपर्टी’ हा शब्द आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सोयरीक जमवायला बसलं की पहिला प्रश्न तोच, ‘प्रॉपर्टी किती?’ पण आपल्या भाषेत याला किती शब्द आहेत आणि ते काय सांगतात, ते ऐका.

पहिला शब्द मिळकत. मिळाली ती मिळकत. मिळाली म्हटलं की देणारा आलाच! बापानं दिली, मातीनं दिली, पावसानं दिली.

दुसरा शब्द मालमत्ता. हा अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. तिचे दोन प्रकार, स्थावर आणि जंगम. जमीन, घर, विहीर हे स्थावर. जागचं हलत नाही. बैल, दागिने, पैसा हे जंगम, हलतं. आता गंमत बघा. हलत नाही ते इथंच राहतं, हलतं ते दुसऱ्याकडे जातं. मग आपल्याबरोबर येणार काय? सांगा!

संस्कृतात ‘स्व’ या एका शब्दाचे दोन अर्थ. स्व म्हणजे आपण स्वतः, आणि स्व म्हणजे आपलं धनही. म्हणून तर सगळं गेलं की ‘सर्वस्व गेलं’ म्हणतो. घोटाळा इथंच होतो. ‘माझं, माझं’ म्हणता म्हणता ‘मी’च त्यात जाऊन बसतो. बांध वीतभर सरकला की मीच कापला गेलो असं वाटतं, आणि सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात.

सातबारा सगळ्यांच्या घरी आहे. नमुना सातमध्ये हक्क, नमुना बारामध्ये पीक. सातमध्ये आपल्या नावाला शब्द कोणता? भोगवटादार! हक्क पक्का आहे, पण शब्द बघा. भोगणारा, वहिवाटणारा.

कोणी म्हणेल, ‘महाराज, मग सगळं सोडायचं का?’ तसं नाही. उलट या सोडण्याच्या नावाखाली मोठी लबाडी चालते. बहीण माहेरी आली की साडी नेसवायची, पुरणपोळी वाढायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. वर सांगायचं, ‘ताई, तुला काय कमी आहे?’ अरे, २००५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच केला आहे. तिनं आपखुशीनं सोडला तर तो तिचा मोठेपणा. गळ घालून घेतला तर त्याला त्याग म्हणत नाहीत, तो आपला लोभ.

तुकोबारायांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण चरित्रात त्याआधीचं काय सांगतात? अर्धी खतं त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली. त्याचा वाटा त्याच्या हाती ठेवला आणि मग आपल्या वाट्याची बुडवली. भावाचा वाटा बुडवून विरक्त झाले नाहीत!

तेव्हा माउली, सोडायचं असेल तर आपलं सोडा. दुसऱ्याचं असेल ते आज घरी गेल्यावर देऊन टाका. रामकृष्णहरी.