रात्री लांबची रेडिओ स्टेशनं कशी लागतात? जुना ट्रान्झिस्टर भंगारात देण्याआधी हे वाचा

अहिल्यानगर : शेतीची थ्री फेज लाईट रात्रपाळीला असली की दारे धरायला मध्यरात्री उठावे लागते. बिबट्याच्या भागात तर सोबतीला काहीतरी आवाज हवाच. पण आकाशवाणीची बरीच केंद्रे रात्री अकराच्या सुमारास शेवटची सभा संपवतात. मग एफएमवर नुसती खरखर उरते आणि ‘रेडिओत आता काही राहिलं नाही’ म्हणत तो कोपऱ्यात पडतो. खरे तर संचावर मीडियम वेव्हचा पट्टा असेल, तर लांबची स्टेशनं लागण्याची वेळ हीच असते.

एफएम डोंगराला अडते

नगर केंद्र एफएमवर १००.१ मेगाहर्ट्झला लागते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटर लांबीची असते आणि ती जवळपास सरळ रेषेत जाते. त्यामुळे अकोले तालुक्यात कळसूबाईच्या रांगेआड वसलेल्या वाड्यांना ती नीट मिळत नाही. मीडियम वेव्हची लहर काहीशे मीटर लांब असते. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर भरते. ती जमिनीला धरून चालते, चढउतारांना फारशी अडत नाही.

दिवसा नाही, रात्रीच का?

जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर उन्हामुळे विद्युतभारित होतो. वर जाणारी मीडियम वेव्ह हा थर दिवसभर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. त्याच्याही वरचे थर मात्र रात्रभर टिकतात. लहर तिथे आपटून शेकडो, कधी हजारभर किलोमीटरवर खाली येते. हे थर सतत हलत असल्याने आवाज मधेच चढतो, मधेच बुडतो. तो संचाचा बिघाड नव्हे.

एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक केंद्रे असतात. जवळचे जोरकस केंद्र चालू असेपर्यंत लांबचे दबून राहते. जवळचे बंद झाले की त्याच जागी परराज्यातले, कधी परदेशातलेही ऐकू येते.

असे लावून बघा

- वरची काडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असते. मीडियम वेव्हचा अँटेना संचाच्या आत असतो. म्हणून काडी ओढण्यापेक्षा अख्खा संच हळूहळू फिरवा.
- एलईडी बल्ब, मोबाईल चार्जर, इन्व्हर्टर यांच्यामुळे खरखर वाढते. अॅडॉप्टरऐवजी सेल वापरा आणि घरापासून थोडे लांब जा. गावची लाईट गेली की रेडिओ सर्वात स्वच्छ लागतो.
- काटा अगदी सावकाश फिरवा. आपल्याकडे दोन फ्रिक्वेन्सींमध्ये फक्त ९ किलोहर्ट्झचे अंतर असते.
- हिवाळ्याच्या रात्री सर्वात चांगल्या. वळवाच्या दिवसांत मात्र लांबच्या विजाही मीडियम वेव्हवर कडकडतात. हा कडकडाट वाढत गेला तर शेतातून वेळीच निघा.
- बाहेर तार बांधली असेल तर ती विजेच्या तारांपासून लांब ठेवा, ढग आले की काढून टाका.

जुनी सवय, कमी होत चाललेली स्टेशनं

लांबचे स्टेशन धरणे आपल्याकडे नवे नाही. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आटली, तेव्हा श्रोत्यांनी शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन शोधले. अमीन सयानींची बिनाका गीतमाला घराघरात पोचली ती याच आकाशातल्या थरांवरून.

आता धरायला स्टेशनंच कमी होत आहेत. नागपूरच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून १५६६ किलोहर्ट्झवर रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय सेवा देशभर ऐकू यायची. काही वर्षांपूर्वी ती बंद झाली. अनेक ठिकाणचे मीडियम वेव्ह प्रक्षेपकही थांबले आहेत. मोबाईलमध्ये एफएम मिळाले तरी मीडियम वेव्ह मिळत नाही, आणि इंटरनेटवरचा रेडिओ रेंज असेपर्यंतच चालतो.

त्यामुळे माळ्यावर पडलेला मीडियम वेव्हचा संच भंगारात टाकण्याआधी त्यात नवे सेल घाला, गंजलेल्या पट्ट्या पुसा आणि रात्री अकरानंतर अंगणात नेऊन एकदा काटा फिरवून बघा.